बेपत्ता बोटीची चार अक्षरं

ती चार अक्षरं मी इथे लिहिणार नाही. लिहिली तर आभाळ कोसळणार नाही हे कळतं, पण मन धजत नाही.

नव्वदच्या दशकात बोटींवर उपग्रहाची यंत्रं आली आणि आम्हा रेडिओ ऑफिसरांची गरज संपली. अर्धं आयुष्य मोर्सच्या टिकटिकीत बोललेला माणूस संकटात दाबायच्या एका लाल बटणाने घरी बसवला. मला त्याचा राग होता, अजूनही आहे. आमचं बिऱ्हाड सिंगापूरला, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये होतं. परत जाऊन करायचं काय, म्हणून तिथेच राहिलो. जवळच एका ख्रिस्ती प्रसारण संस्थेचं ऑफिस होतं, तिथे मला ऐकायची नोकरी मिळाली. ऐकायची म्हणजे खरंच ऐकायची. कानाला हेडफोन लावून बसायचं आणि आपली दूरदूरची स्टेशनं नीट लागतात की नाही ते बघायचं.

साहेब केरळचे. मुलाखतीत त्यांनी फार संकोचून विचारलं, तुम्ही हिंदू, तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, "तुम्ही प्रवचन द्या नाहीतर भाजीचे भाव सांगा, मला आवाज स्वच्छ हवा." ते पोट धरून हसले. मीटिंगच्या आधी ते प्रार्थना करायचे, तेव्हा मीही मान खाली घालून गणपतीचं नाव घ्यायचो. पुढचं देवांनी आपापसात बघून घ्यावं.

माझ्या कामातला मोठा भाग नावांचा होता. प्रत्येक स्टेशनाला सरकारने दिलेली अक्षरं असतात, त्यांना कॉल साइन म्हणतात. बोटींनाही असते. तासाच्या ठोक्याला स्टेशनाने ती हवेत सांगायचीच, असा नियम. प्रवचन कितीही रंगात आलेलं असो, नियमापुढे प्रवचनकारही गप्प. रिले स्टेशनाची गंमत अशी की त्याला स्वतःचा आवाजच नसतो. मुख्य स्टेशनाचं बोलणं उचलायचं आणि पुढे फेकायचं, एवढंच त्याचं काम. पण नाव मात्र स्वतःचं सांगायला हवं. तिथे निवेदक नसतो, म्हणून आमच्या रिलेवर एक यंत्र बसवलेलं असे, ते तासातासाला मोर्समध्ये आपली अक्षरं वाजवी. ऑफिसातल्या इतरांना ती नुसती पिपाणी वाटायची.

एक दिवस साहेब केक घेऊन आले. पॅसिफिकमधल्या एका बेटावरच्या आमच्या नव्या रिलेला परवाना मिळाला होता. त्यांनी फळ्यावर मोठ्या हौसेने त्याची कॉल साइन लिहिली. मी केकचा तुकडा हातात धरून फळ्याकडे बघत राहिलो. ती माझ्या मित्राच्या बोटीची अक्षरं होती.

मित्र आणि मी एकाच वर्गात मोर्स शिकलो. पुढे बोटी वेगळ्या झाल्या, पण हवेत गाठ पडायची. मोर्समध्ये प्रत्येकाचा हात वेगळा असतो, हस्ताक्षरासारखा. हा गडी शेवटचं अक्षर जरा लांबवायचा, जेवून ढेकर द्यावी तसा. त्याची बोट खनिज भरून निघाली ती कुठे पोचलीच नाही. वादळ होतं म्हणतात. तरंगतं लाकूड नाही, तेलाचा तवंग नाही आणि एसओएस नाही. बोट ज्या देशाच्या झेंड्याखाली नोंदवलेली होती, तो देश आणि आमच्या रिलेचं बेट एकच. बोटीचं नाव त्यांनी पटावरून पुसलं असणार आणि मोकळी झालेली अक्षरं आम्हाला दिली असणार. सरकारी काम, त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं.

त्याची बायको आणि मुलगी सिंगापुरातच, वुडलँड्सला राहायच्या. वहिनी एका शिपिंग कंपनीत हिशेब बघायच्या. बोट गेल्याला वर्षं झाली, तरी त्यांचं कुंकू, मंगळसूत्र जिथल्या तिथे होतं. देवगडहून सासरची माणसं विधी उरकू या म्हणायची, त्या करू द्यायच्या नाहीत. त्यांचं गणित पक्कं होतं. "हे झोपेतसुद्धा एसओएस पाठवतील, भावोजी. पाठवला नाही, म्हणजे ती वेळच आली नाही." मुलगी तिसरीत होती. तिला सांगितलेलं होतं, बाबा बोटीवर आहेत. ती हल्ली विचारेनाशी झाली होती आणि मला तेच जास्त भयंकर वाटायचं.

रिले सुरू झालं. दुपार कलली की ते बेट सिंगापूरला ऐकू येई. पहिल्यांदा ती अक्षरं वाजली तेव्हा माझा उजवा हात टेबलावर आपोआप उत्तर ठोकू लागला. मी दुसऱ्या हाताने तो दाबून धरला. यंत्र त्याचं नाव घेत होतं, पण सपाट, शेवटचं अक्षर न लांबवता. मी रोज वाट बघायचो की आज तरी ते लांबेल. शहाण्यासुरत्या माणसाने असलं काही मनात आणू नये, पण मी आणत होतो. हळूहळू ती अक्षरं मला लिफ्टच्या घंटीत ऐकू येऊ लागली. घरी भांड्यात नळ ठिबकला तरी मी मोजायला लागायचो. मला भीती वाटायची, आणि ऐकल्याशिवाय राहवायचंही नाही.

शेवटी मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी परवान्याची फाइल काढून समोर ठेवली. मग म्हणाले, आपण दुसरी कॉल साइन मागू शकतो, तुम्ही म्हणाल तर आजच अर्ज करतो. माझा जीव भांड्यात पडला. नाव बदलेल, वहिनींना कळणारही नाही, सगळं होतं तसं राहील. घरी येऊन बायकोला हे मोठ्या खुशीत सांगितलं.

"होतं तसं म्हणजे कसं?" ती म्हणाली. "ती कुंकू लावून दाराकडे बघत बसणार, असं? बोट त्यांची होती. त्यांना विचारा. तुम्ही कोण लागून गेलात ठरवणारे?"

तिचं खरं होतं, म्हणून मी चिडलो. रविवारी मात्र एमआरटीची गाडी पकडून दोघं वुडलँड्सला गेलो.

वहिनी ओट्यापाशी नारळ खवत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांचा हात थांबला नाही.

"एकाची अक्षरं असताना दुसऱ्याला देतात का?" त्यांनी विचारलं.

"तसा नियम नाही. पण वहिनी, ऑफिसं ती, कधी नजरचूक होते, पत्ता बदलतो, बोट मालक बदलते, कधी—"

"भावोजी, तुम्हाला खोटं बोलायचं असलं की तुम्ही फार बोलता."

मी बायकोकडे बघितलं. तिनेही माझी बाजू घेतली नाही.

त्या म्हणाल्या, "आमच्या मोठ्या दिरांना मुलगा झाला, तेव्हा त्यांना आजोबांचं नाव ठेवायचं होतं. आजोबा खाटेला खिळलेले, माणसं ओळखत नव्हते. पण सासूबाईंनी ठेवू दिलं नाही. माणूस घरात आहे, म्हणाल्या, त्याचं नाव असं काढून घ्यायचं नाही." मग त्यांनी खवणी बाजूला सरकवली. "बारसं झालंय म्हणजे तिकडे. आणि मी इथे बारावं अडवून बसलेय."

त्या रडल्या नाहीत. मीच रडलो, माझ्या मित्रासाठी आणि थोडा स्वतःसाठी. बायकोने त्यांचा हात हातात घेतला. मी डोळे पुसून साहेबांचा निरोप सांगितला, की तुम्ही म्हणाल तर नाव बदलता येईल.

"नको. ठेवलेलं नाव कुणी बदलतं का? सुखाने नांदू देत." हात पुसत त्या म्हणाल्या, "मला एकदा ऐकवा."

त्यांच्याकडे मित्राचा शॉर्टवेव्ह रेडिओ होता. मी तो खिडकीत ठेवला, वायर कपडे वाळत घालायच्या बांबूला गुंडाळली आणि स्टेशन लावलं. खरखरीतून कुणी तरी भजन गात होतं. तेवढ्यात मुलगी खालून खेळून आली आणि घामेजलेली तशीच आईला टेकून उभी राहिली. तासाचा ठोका पडला. भजन थांबलं आणि ती चार अक्षरं वाजली, स्वच्छ, सपाट.

वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. "हा हात ह्यांचा नाही," त्या म्हणाल्या.

"कुणाचाच नाही. यंत्र आहे."

"अंकल, व्हॉट इज इट सेइंग?" मुलीने विचारलं.

मी वहिनींकडे बघितलं. त्याच बोलल्या. "ते स्टेशन आपलं नाव सांगतंय. पूर्वी हे बाबांच्या बोटीचं नाव होतं. आता त्या लोकांना दिलंय."

मुलीने थोडा विचार केला. "देन बाबाज शिप यूज व्हॉट नेम, आ?"

रेडिओवर पुन्हा भजन लागलं होतं. वहिनींनी तो बंद केला नाही. त्यांनी मुलीचे घामाने कपाळाला चिकटलेले केस मागे सारले आणि म्हणाल्या, "बाबांच्या बोटीला आता नाव लागत नाही, बाळा. बोट बुडाली. बाबाही तिच्यात होते."

"आय नो," मुलगी म्हणाली. "आय थॉट यू डोन्ट नो."