चूक माझी

आमचे हे जुन्या गाड्यांचे मीटर दुरुस्त करतात. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, असलं सगळं. म्हणून गावभर त्यांना काटेसाहेब म्हणतात. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान, आणि जागा कमी पडली की माझं स्वयंपाकघरही. बुटांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या असतात ना, त्या यांनी इतक्या जमवल्या आहेत की चपलांच्या दुकानदाराला आम्ही खूप बूट घालतो असं वाटतं.

माणूस हुशार, पण एक खोड आहे. स्वतःची चूक कबूल करायची नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ वाकडं लावलं. मी दाखवलं, तर म्हणाले, "घड्याळ सरळ आहे. भिंत वाकडी आहे." ते घड्याळ एकतीस वर्षं तसंच लटकतंय.

एक दिवस यांच्या शाळेतल्या गणिताच्या बाई आल्या. वय चौऱ्याहत्तर, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. त्यांची गाडी वयाने त्यांच्या मुलापेक्षा मोठी. हमरस्त्यावर पोलिसांनी वेगासाठी अडवलं, तेव्हा बाई बाणेदारपणे म्हणाल्या होत्या, "काचेच्या आत धुकं आहे. काटा दिसत नाही, तर मी काय करू?" ही सबब मुलाच्या कानावर गेली. त्याने फर्मान काढलं, की तीन आठवड्यांनी रविवारी येतो, मीटर स्वच्छ दिसला नाही तर किल्ली माझ्याकडे.

"किल्ली गेली तर मी घरातलं एक फर्निचर होऊन बसेन," बाई म्हणाल्या. "लाग कामाला."

हे कामाला लागले. मीटरची चंदेरी कड हलक्या हाताने उकलली, काच काढली, आतली ओल टिपली, पुड्यांच्या डब्यात दोन दिवस वाळवलं, नवी रबरी कडी घालून बंद केलं. काच लखलखीत! चौथ्या दिवशी बाई परत. काचेच्या आत पुन्हा थेंब.

दुसऱ्यांदाही तेच झालं. यांनी आधी रबराला दोष दिला, मग हवेला, मग गाडी बनवणाऱ्या कारखान्याला. जेवताना ताटाकडेही लक्ष नाही. मला दया आली, आणि थोडी गंमतही वाटली, खोटं कशाला बोलू?

शेवटी बाई पुन्हा आल्या, तेव्हा मीच जाऊन त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसले आणि किंचाळून उठले. मागून सगळी भिजले होते! वास घेतला, तर तरणतलावाच्या पाण्याचा. सीटखाली हात घातला, तर रबरी टोपी आणि पोहायचा चष्मा.

"बाई!" हे म्हणाले.

बाई जराही ओशाळल्या नाहीत. मागे तलावाच्या काठावर त्या घसरल्या, तेव्हापासून मुलाने पोहणं बंद केलं होतं. म्हणजे त्याच्या मते बंद. बाई रोज पहाटे वीस फेऱ्या मारून ओले कपडे सीटवर टाकत आणि काचा लावून घरी येत. मीटर काही हवाबंद नसतो. गाडीतली दमट हवा मागच्या फटीतून आत शिरते आणि काच थंड झाली की तिथेच बसते.

"त्याला कळलं तर तलावही जाईल आणि गाडीही," बाई म्हणाल्या. एवढंच बोलल्या, पण आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला नाही.

मग ओल्या कपड्यांना झाकणाची बादली मिळाली, सीट उन्हात गेली, काचा उघड्या राहू लागल्या आणि मीटर तिसऱ्यांदा वाळला.

रविवारी मुलगा बाईंच्या घरी आला, तेव्हा आम्हीही तिथेच होतो. काच निरखली, काटा बघितला. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात त्याने विचारलं, "दोनदा धुकं परत आलं म्हणे. मग एवढं पाणी येत कुठून होतं? आई, तू पोहायला तर जात नाहीस ना?"

बाई यांच्याकडे बघू लागल्या. मीही.

यांनी मान खाजवली. "चूक माझी," हे म्हणाले. "काच बसवण्याआधी मी तिच्यावर हाऽ करून तोंडाची वाफ सोडतो आणि सदऱ्याने पुसतो. ती वाफच आत कोंडली गेली. जुनी सवय."

मुलाने यांना दहा मिनिटं मीटर कसे दुरुस्त करायचे ते शिकवलं. चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस खाली मान घालून "हो, बरोबर" म्हणत राहिला. मुलगा गेला. किल्ली बाईंच्या मुठीत राहिली.

"खोटं बोललास," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"वर्गात असतास तर बाहेर उभा केला असता." आणि बाईंनी यांचा गाल असा ओढला, की लाल झाला.

मला यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. पण रागही आला. ते दोन शब्द ऐकायला मी एकतीस वर्षं थांबले होते, आणि निघाले ते दुसरीसाठी!

घरी येऊन चहा देताना मी घड्याळाकडे बोट केलं. "आता जीभ वळलीच आहे, तर याचंही सांगून टाका."

यांनी चहा फुंकला, घड्याळ पाहिलं, मला पाहिलं.

"भिंत वाकडी आहे," हे म्हणाले. आणि स्टूल घेऊन घड्याळ सरळ करायला चढले.