आई परत जाईल याचा पुरावा

२०११च्या मार्चमध्ये मी कऱ्हाड सोडलं. भाड्याच्या गाडीत पुढे मामा बसला होता, मागे आई आणि मी, आणि आमच्या दोघींच्या मध्ये एक फाइल. मुंबई येईपर्यंत आईने त्या फाइलवरचा हात काढला नाही. विमानतळाच्या दारात मामाने डोळे पुसले, मी आईच्या पाया पडले, आणि आई म्हणाली, "पान चौदा आणि पंधरा एकमेकांना चिकटलीयत. दाखवताना आधी सोडव, मग दाखव." निरोपाचं तिचं वाक्य ते एवढंच. लोकांच्या आया काय काय बोललेल्या असतात!

आई कऱ्हाडच्या कोर्टात टायपिस्ट होती. नकलांच्या टेबलावर तिने तीस वर्षं काढली. मूळ कागद समोर ठेवायचा, नक्कल टाइप करायची, मग ओळ न् ओळ ताडून बघायची आणि प्रत्येक कलमापुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. याला ती रुजुवात म्हणायची. रुजुवात झाल्याशिवाय कागद टेबलावरून हलू द्यायची नाही. त्यामुळे माझी व्हिसाची फाइल तिनेच लावली होती. अनुक्रमणिका, पानांना आकडे, सगळं कोर्टाच्या शिस्तीत.

त्या फाइलीत काय होतं ते सांगायलाही मला लाज वाटते. मंदारशी माझं लग्न झालंय हे दाखवायला लग्नाचा दाखला पुरेसा नव्हता. आम्ही खरोखर नवरा-बायकोसारखे राहतो, हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी मंदार न्यूझीलंडमधल्या नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन पुण्यात येऊन राहिला, दोघांच्या नावाचं गॅसचं कार्ड निघालं, विजेचं बिल निघालं. महाबळेश्वरचे फोटो बघून एजंट म्हणाला, "मॅडम, एवढं अंतर ठेवून उभ्या राहिलात तर साहेबाला तुम्ही भाऊ-बहीण वाटाल." मग आम्ही परत गेलो आणि एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून आलो. ते फोटो आईने मान तिकडे करून डिंकाने चिकटवले. तीच ती पानं, चौदा आणि पंधरा. डिंक जास्त झाला होता.

तेव्हा मला वाटलं होतं, एकदाचं हे संपलं की मी सुटले. तुमच्यापैकी जे इकडे आलेत त्यांना आता हसू आलं असेल.

रेवा झाली तेव्हा आई तीन महिन्यांसाठी येऊन गेली. मी एकुलती एक, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, आईची निवृत्ती झालेली. कायमची ये म्हटलं तर आधी ती "लेकीच्या घरी किती राहायचं" वगैरे बोलली, मग रेवाला मांडीवर घेऊन बसल्यावर ते बोलणं बंद झालं. पालकांना कायमचं आणण्याच्या रांगेत आम्ही नाव घातलं. ऑकलंडमधल्या बॉटनी डाउन्सच्या आमच्या घरात मागची उन्हाची खोली तिच्यासाठी ठरवली, तिथे आठवणीने उंच पलंग आणला. आणि २०१६मध्ये सरकारने व्हिसाचा तो वर्गच बंद केला. तात्पुरता, म्हणाले. किती दिवस तात्पुरता, ते कोणी सांगेना.

मग उरलेले पर्याय विचारायला मी एका सल्लागार बाईंकडे गेले. त्यांनी वहीत रेघ मारून दोन रकाने केले. पहिल्या रकान्यात सधन निवृत्तांचा व्हिसा. आईने इथे भली मोठी रक्कम गुंतवली, वर स्वतःच्या खर्चाची सोय दाखवली, तर तिचं स्वागतच होतं. म्हणजे म्हातारपण चालेल, फक्त ते श्रीमंत असावं. माझ्या आईची पेन्शन ऐकून बाईंनी तो रकाना खोडला, अगदी गोड हसून. दुसऱ्या रकान्यात आजी-आजोबांचा पाहुणा व्हिसा: तीन वर्षांत मिळून अठरा महिने, एका वेळी सहाच. "हीप्स ऑफ टाइम," भरपूर वेळ की, बाई म्हणाल्या. मला त्यांच्या टेबलावरची बिस्किटंसुद्धा नकोशी झाली.

या व्हिसाची खरी घाण पुढे आहे. आई कायमची इथेच राहून जाईल असा संशय साहेबाला येता कामा नये. तिचं सगळं तिकडे आहे, तिचा जीव तिकडे गुंतलाय, ती नक्की परत जाईल, हे पटवायचं. माझ्या फाइलीत मी सिद्ध केलं होतं की नवऱ्याशिवाय माझं पान हलत नाही. आईच्या फाइलीत सिद्ध करायचं होतं की तिला माझ्याशिवाय मस्त करमतं. दोन्ही वेळा लिहिणारी मीच.

इथल्या आमच्या मराठी ग्रुपच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, सगळ्यांनी सल्ले दिले. पुरणपोळीवर तूप घेता घेता एकजण म्हणाला, "आईला बिझी दाखव गं. इमोशनल लिहिलंस की रिजेक्ट. मी बाबांना ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष केलं, स्वीट अ‍ॅज, एकदम मस्त!" सगळे हसले, मीही हसले. स्वतःच्या आईवडिलांना देशाबाहेर काढण्याची कारणं आम्ही पाककृतीसारखी एकमेकांना देत होतो, आणि कोणाच्या घशात घास अडकला नाही.

मी इंग्रजीत पत्र लिहिलं. आईच्या नावाने, आईच्या सहीसाठी. त्यात तीन गोष्टी होत्या. एक, मी आमच्या पेठेतल्या भजनी मंडळाची चिटणीस आहे. दोन, मी गरजू मुलींना विनामूल्य टायपिंग शिकवते. तीन, माझी विधवा नणंद आजारी असून तिची सगळी देखभाल मीच करते, त्यामुळे फार काळ बाहेर राहणं मला शक्य नाही. यातलं एकही अक्षर खरं नव्हतं. आई भजनाला कधी गेली नव्हती. टाइपरायटरवर खोळ होती. आणि सुमनआत्याशी, म्हणजे त्या नणंदेशी, ती अकरा वर्षं बोललेली नव्हती. बाबांच्या तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हिच्या नोकरीपायी माझा भाऊ गेला." त्यानंतर दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

आईने पत्र सायबर कॅफेत छापून घेतलं आणि मला फोन केला. "मराठीत सांग," म्हणाली. मी सांगितलं.

"अनू, यातलं खरं काय आहे?"

"आई, सगळे असंच लिहितात."

"खाली सही माझी आहे."

मी चिडले. रेवा तुझी वाट बघते, तुला यायचंय की नाही, असं बरंच बोलले. ते सगळं आज आठवलं की मला माझीच शिसारी येते. चार दिवसांनी आईने सही केली.

मग तपासण्या. पुण्यातल्या एका क्लिनिकमध्ये सदुसष्ट वर्षांच्या माझ्या आईला, भरलेल्या बाकांमधून, हातात लघवीची बाटली धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला लावलं. तिने मला हे सांगितलं नाही, मामाने सांगितलं. तिने एवढंच सांगितलं, की बाटलीवर त्यांनी नाव चुकीचं लिहिलं होतं, ते तिने दुरुस्त करून घेतलं.

२०१७मध्ये ती आली. ऑकलंडच्या विमानतळावर तिला बाहेर यायला दीड तास लागला. आत तो अधिकारी "किया ओरा", म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणून छान हसला म्हणे, आणि मग विचारलं, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट काढलंय का, परत जायचं कारण काय. आईने विमानात पाठ केलेली तीन कलमं म्हणून दाखवली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "लेकीकडे आले, तर परतीचं तिकीट दाखवा म्हणतो. घरी आलेल्या माणसाला कोणी असं विचारतं का?"

ते सहा महिने मी किती उपभोगले आणि किती वापरले, याचा विचार मी टाळते. आई घरात आहे म्हटल्यावर मी माझ्या फार्मसीतल्या नोकरीत जादा शिफ्ट घेतल्या. रेवाला ती शाळेतून आणायची, वाटेत डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दोघी आइसक्रीम खायच्या. दुकानदाराशी आई मराठीत बोलायची आणि तो समजल्यासारखी मान हलवायचा. रेवा मराठीत उत्तरं द्यायला लागली. "आजी, मला नको ना भेंडी," हे पूर्ण वाक्य ऐकून मंदारने जेवण थांबवलं होतं. आई गेली आणि पंधरा दिवसांत ते सगळं गेलं. "इज आजीज व्हिसा फिनिश्ड?" पोरीने विचारलं. मावशी, आत्या हे शब्द तिला अजून येत नव्हते, व्हिसा येत होता.

त्यानंतर व्हिसा हातात असूनही आई परत आली नाही. आधी म्हणाली थंडी सोसत नाही, मग म्हणाली मंडळाचा सप्ताह आहे. कुठलं मंडळ, असं मी विचारलंसुद्धा नाही. एकदा फोनवर मागून मुलींचा गलका ऐकू आला. एकदा म्हणाली, "वन्संना दवाखान्यात नेऊन आणलं." सुमनआत्याला? मला बरं वाटलं, म्हातारपणी भांडण मिटलं म्हणून. मी फोन ठेवला आणि कामाला लागले.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये बातमी आली, पालकांचा वर्ग परत उघडणार. अट कमाईची, आणि ती अशी, की निम्म्या ओळखीच्या लोकांचे चेहरे पडले. आमचं दोघांचं मिळून कसंबसं बसत होतं. मला त्या आनंदाचीही किळस आली, पण आनंद झाला हे खरं. मी आईला फोन केला. कायमचं, आई. सही नाही, पत्र नाही, परतीचं तिकीट नाही.

ती म्हणाली, "मला नाही जमायचं गं. वन्सं अंथरुणाला खिळल्यात. त्यांना कोणाच्या गळ्यात घालू?"

मी पुन्हा चिडले. ती बाई तुला काय काय बोलली ते विसरलीस का, असं विचारलं. आई म्हणाली, "विसरले नाही. पण ते कागदावर नाही."

मला काही कळलं नाही. डिसेंबरमध्ये मी एकटीच कऱ्हाडला गेले, तिला समजावून घेऊन यायला. माझ्या खोलीत माझ्या पलंगावर सुमनआत्या होती. पुढच्या सोप्यात तीन मुली दोन जुन्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करत होत्या. संध्याकाळी बायका आल्या, आईने हजेरी घेतली, आणि माझी आई, जिला मी जन्मात गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं, ती सगळ्यांबरोबर बेसूर आवाजात अभंग म्हणायला लागली.

कपाटात मला ते पत्र सापडलं. नक्कल, व्यवस्थित प्लॅस्टिकमध्ये. तिन्ही कलमांपुढे लाल पेन्सिलीने बरोबरच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेखाली बारीक अक्षरात तारीख. पहिल्या दोन तारखा २०१७मधल्याच, ती परत गेली त्यानंतरच्या काही आठवड्यांतल्या. तिसरी पाच महिन्यांनी. म्हणजे आत्याचं दार वाजवायला आईला पाच महिने लागले होते. खाली लिहिलं होतं: रुजुवात घेतली. मजकूर खरा आहे.

तुम्ही जे मागे राहिलात आणि आम्हाला कागदी माणसं म्हणता, ते बरोबरच म्हणता. आणि माझ्यासारखे जे आलात, ते एकदा आपापल्या आयांच्या नावाने काय लिहून दिलंय ते काढून वाचा. बॉटनी डाउन्समधल्या उन्हाच्या खोलीत तो उंच पलंग अजून आहे. त्यावर आता धुतलेले कपडे घडी करायला पडतात. सरकारला मी हजार शिव्या घातल्या असतील, पण आईला कऱ्हाडात बांधून ठेवणारा कागद सरकारने लिहिला नव्हता.

पत्र मी होतं तिथे परत ठेवलं. आईने सोप्यात माझ्यासाठी गादी घातली, पाहुण्यांची, कापूस पिंजून नवी केलेली. उशीचा अभ्रा सारखा करता करता तिने सहज विचारलं, "किती दिवस आहेस? परतीचं तिकीट काढलंयस ना?"

"हो," मी म्हटलं. "काढलंय."