पौर्णिमेच्या सुनावण्या

नव्वदच्या दशकात मी रस्ते बांधणाऱ्या एका कचेरीत कारकून होतो. मुर्धा गावाच्या खाडीकाठाने रस्ता जायचा होता, त्याआधी गावकऱ्यांच्या हरकती ऐकायच्या होत्या. सुनावणीची तारीख काढायचं काम माझ्याकडे. मुंबई सोडून भाईंदरला राहायला आलो तरी पंचांग सुटलं नव्हतं. चांगल्या कामाला अमावस्या नको म्हणून मी दर वेळी पौर्णिमा धरायचो. स्वतःच्या या काळजीचं मला कौतुकही होतं.

पहिल्या सुनावणीला कोणी आलं नाही. दुसरीलाही नाही. खुर्च्या मांडा, नकाशा टांगा, चहा सांगा आणि संध्याकाळी सगळं गुंडाळा! तिसऱ्या वेळी माझं डोकंच फिरलं. 'गावाला स्वारस्य नाही, यापुढे सुनावणी नको,' असा शेरा मी आपल्या हाताने लिहिला. साहेबांनी लगेच सही केली.

त्याच आठवड्यात बाजारात माझ्या नेहमीच्या, मुर्ध्याच्या कोळणीला मी खवचटपणे विचारलं, "मावशी, तीनदा बोलावलं. एक माणूस फिरकला नाही?"

"पुनवेला कोन येल, भाऊ? उधान असतंय. बाप्ये सगले जालीवर, आमी मावरं घेऊन बाजारान. अष्टमीला पानी मंद, तवा सगली घरा. तवा बोलवा ना!" मासे कापणारा तिचा हात थांबला. "आमचे होरीवर जायची वाट त्या रस्त्याखाली जाते. माना बोलायचं हाय. तारीख कोन ठरवतंय?"



"साहेब," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही.

"मला माहीत होतं. मीही खाडीकाठचाच. पहिली तारीख पाहिली तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"रस्ता वेळेत व्हायला नको?"

माणूस इतक्या सहज असं बोलू शकतो, हे मला आजही पटत नाही. फाइल पुन्हा उघडली नाही. मीही फार भांडलो नाही, नोकरी होती.

वर्षभरात वाटेवर भराव पडला. कोळणीच्या घरच्यांनी होडी विकली. मावशी बर्फातली, विकत आणलेली मासळी घेऊन बसू लागली. एकदा पापलेट साफ करता करता तिने विचारलं, "त्या सायबाला सांगितला व्हता ना, भाऊ?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं, आणि तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.