सासऱ्यांनी निवडलेली गादी

बाळंतपणानंतर माझी पाठ जी धरली ती सुटेना. डॉक्टरांनी कापसाची खड्डा पडलेली गादी बदलायला सांगितली. नवऱ्याची कारखान्यात दिवसपाळी होती, म्हणून सासरेच मला बेटेगावहून बोईसरच्या बाजारात घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "आडवं पडून बघा, मगच घ्या."

दुकान सताड उघडं, समोर रिक्षावाले उभे आणि शेजारी सासरे. आडवी कशी पडणार, कप्पाळ! मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. शेवटी माझ्याऐवजी सासरेच चपला काढून आडवे झाले. जन्मभर जमिनीवर चटई टाकून झोपलेला माणूस तो! त्यांना काथ्याची, सगळ्यात कडक गादी पसंत पडली. "हीच घे पोरी. पाठ कशी सरळ होते बघ."

त्या फळीसारख्या गादीवर माझी पाठ आणखीच दुखायला लागली. पण सासरे रोज सकाळी विचारायचे, "बरं हाय ना आता?" त्यांचा तो खुललेला चेहरा बघून मी "हो बाबा" म्हणायचे आणि दिवसभर स्वतःवरच चरफडायचे.

मग शेजारच्या काकींची कंबर धरली. सासऱ्यांनी मोठ्या हौसेने त्यांनाही तीच गादी घ्यायला लावली. काही दिवसांनी काकी कमरेवर हात ठेवून आमच्या अंगणात आल्या. "तुला गुण आला, मंग मला का नाय गं?"

सासरे ओटीवर बसून ऐकत होते.

मी म्हणाले, "सवय व्हायला जरा वेळ लागतो, काकी."