पुस्तकातली पट्टी

माजरीच्या फाट्यावर माझं सायकलचं दुकान होतं, तेव्हाचा तो माणूस. रेसची सायकल हातात धरून, उजवा गुडघा चोळत आला. बाकावर आधी रुमाल अंथरला, मग बसला. त्याच्या परदेशी बुटांच्या तळाला पायडलात खटकन अडकणारी पट्टी होती. तेच बूट घालून तो गिट्टीवरून चालत आला होता.

"अशानं पट्टी झिजते, भाऊ. चालाचं तं बूट काढून चालाव," मी म्हटलं.

तो नुसता हसला. "पंधरा दिवसांवर रेस आहे आणि गुडघा चालू देत नाही. पट्ट्या तर पुस्तकात दाखवल्या तशा अगदी सरळ लावल्यात."

"पुस्तकानं तुमचा पाय पाह्यला का?"

मी त्याला दुकानापुढे कोळशाच्या ट्रकांतून सांडलेल्या भुकटीवरून अनवाणी चालवलं. डावं पाऊल सरळ उमटलं, उजवं बाहेर फाकलेलं. सरळ पट्टी त्या पायाला दिवसभर पिळत होती. मी उजव्या बुटाचे स्क्रू ढिले केले, चवडा त्याच्या सवयीनं बाहेर राहावा म्हणून पट्टीचं टोक जरासं आत वळवलं आणि पुन्हा आवळलं.

तो म्हणाला, "नागपूरच्या कोचला एकदा विचारून घेतो."

त्याचं स्वतःचं पाऊल त्याच्यासमोर उमटलं होतं, तरी याले कोच पाहिजे. मी चार वर्ग शिकलो म्हणून माझे डोळेही चौथीतच राह्यले का?

महिन्याभरानं तो त्याच रस्त्यानं जोरात गेला. थांबला नाई, मान वळवली नाई. मीही हाक मारली नाई. मी फक्त पायडलवरचा त्याचा उजवा चवडा पाह्यला.

बाहेरच होता.