रोमानियन कारकून अहिराणीत भांडतो तेव्हा

गेल्या मंगळवारी नंदुरबारला, आमच्या कॉलेजच्या सेमिनार हॉलमध्ये, माझा पीएच.डी.चा व्हायवा झाला. विषय : रोमानियन नाटककार आणि राष्ट्रीय साहित्यातील त्यांचे स्थान. 'नंदुरबारमध्ये बसून रोमानिया?' हा प्रश्न मी सात वर्षं ऐकते आहे... कॉमेंटमध्ये पुन्हा विचारू नये.

या विषयासाठी मी रोमानियन शिकले. केवळ इंग्रजी अनुवादांच्या भरवशावर प्रबंध उभा करणाऱ्यांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते मी लपवतही नाही.

प्रबंधातला दावा साधा आहे. ज्या नाटककारांनी आपल्याच कारकुनांची आणि पुढाऱ्यांची टर उडवली, त्यांच्यावर त्या काळी देशाची बदनामी केल्याचा ठपका आला; आज तेच तिथल्या शाळेच्या पुस्तकांत आहेत. देश सोडून परक्या भाषेत लिहिणाऱ्यांना आपलं मानायला मात्र फार वेळ लागला. म्हणजे हे स्थान समीक्षकांनी दिलं नाही... रंगमंचावर आपलंच बोलणं ऐकून हसलेल्या प्रेक्षकांनी दिलं.

पुरावा म्हणून मी एका प्रहसनातल्या प्रवेशाचा मराठी अनुवाद जोडला होता. बाहेरगावच्या परीक्षकांनी अहवालात त्यावर एकच शब्द लिहिला : निर्जीव. या मुद्द्यावर त्यांचं समाधान झालं नाही, तर प्रबंध दुरुस्तीसाठी परत जाणार होता... आणि माझ्या सगळ्या मुदतवाढी संपल्या होत्या. परत जाणं म्हणजे नोंदणीच रद्द.

त्यात हा व्हायवा 'सर्वांसाठी खुला' असतो. वडिलांनी ती नोटीस भावबंदांच्या ग्रुपवर टाकली, आणि आमच्या गावाहून, रनाळ्याहून, नऊ माणसं जीपगाडी करून, दुपारच्या जेवणाचे डबे घेऊन, लग्नाला यावं तशी हजर झाली. मी सगळ्यांना शेवटच्या रांगेत बसवलं. हे लिहिताना मला अभिमान वाटत नाही.

माझी मोठी काकू, जिजी, मात्र "माले मांगून काही दिसत नही" म्हणत सरळ दुसऱ्या रांगेत येऊन बसली.

परीक्षक म्हणाले, तो प्रवेश वाचून दाखवा. राजधानीतून मोठे साहेब गावात येणार आहेत, आणि स्वागताच्या मांडवात पहिल्या खुर्चीवर कोणी बसायचं यावरून दोन कारकून हातघाईवर येतात, असा तो प्रसंग. मी वाचला. उच्चार निर्दोष, विराम जागच्या जागी... आणि हॉल थंड.

"मॅडम, हे जर त्या देशातलं सर्वांत विनोदी लेखन असेल," परीक्षक म्हणाले, "तर मला त्या देशाची काळजी वाटते." हॉल हसला. त्या दिवसाचं पहिलं हसू, आणि ते माझ्यावर.

मी सिद्धान्त सांगितले, संदर्भ दिले. त्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि वही मिटली. मग अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, सभागृहातून कोणाला प्रश्न आहे का? एरवी कोणी विचारत नाही. जिजीने हात वर केला.

"पोरी, तो मानूस इतला चिडेल शे... मंग तो चोपडीना मायक काबर बोलस? आपला गावमा कोनी असं भांडस का?"

इतका चिडलेला माणूस पुस्तकासारखा का बोलतो, हा तिचा प्रश्न ऐकून धरणीने पोटात घ्यावं, असं वाटलं. पण दुसऱ्याच क्षणी माझी स्वतःचीच तळटीप आठवली. मूळ नाटकात हा कारकून राजधानीच्या लोकांसारखं फुगवून बोलतो, आणि राग अनावर झाला की घरच्या बोलीवर येतो. यावर मी अर्धं पान लिहिलं होतं! आणि अनुवादात मात्र दोघांच्याही तोंडी अथपासून इतिपर्यंत एकसारखी, धुतलेली प्रमाण मराठी घातली होती. प्रेक्षकाला आपलं बोलणं ऐकू यावं लागतं हा माझाच दावा, आणि तो खोडूनही मीच काढला होता.

अकरावीला पुण्याला गेल्यापासून मी चारचौघांत घरची अहिराणी बोललेली नाही. परवानगी मागितली, आणि प्रवेश पुन्हा सुरू केला.

"महोदय, आपण या आसनावरून उठण्याची कृपा करावी," इथपर्यंत पहिला कारकून प्रमाण मराठीतच. मग... "ऊठ रे तठून! तुन्हा बापनी शे का ती खुर्ची?" आणि सकाळपासून जागा धरून बसलेला दुसरा : "मन्हा बापनी नही, पन मी सकायपाईन बठेल शे!"

शेवटची रांग आधी फुटली. मग आमचे प्राचार्य. परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "आता पटलं." पुढचं मला नीटसं आठवत नाही. निकाल जाहीर झाला, प्रबंध मंजूर झाला, आणि हातात चहाचा कप आला. सात वर्षांत पहिल्यांदा मी खुर्चीला पूर्ण पाठ टेकून बसले.

परीक्षकांची एकच सूचना होती : छापील प्रतीत संपूर्ण प्रवेश असाच करा. म्हणून रविवारी रनाळ्याला गेले. जिजीला वाचता येत नाही, ती ऐकते. पहिल्या सहा ओळी तिने एकामागून एक नापास केल्या. "हाई असं नही. पुन्हा लिख." माझ्या लेखनावर इतक्या दुरुस्त्या मी आयुष्यात कोणाकडून निमूट घेतलेल्या नाहीत...

सातव्या ओळीला ती पदर तोंडावर धरून हसली. ती ओळ मी कायम केली आहे.