झिऱ्यांची वाळू

नदी खोऱ्याच्या समितीत लोकसहभागासाठी एक बाई हवी होती, म्हणून मला घेतलं. मावळात सून होऊन आल्याला चाळीस वर्षं झाली, पण खुर्चीवर बसायला कुणी पहिल्यांदाच बोलावलं होतं. इस्त्रीची साडी नेसून गेले. देवळाच्या सभामंडपात पवनेच्या खोऱ्याचा भला मोठा नकाशा लावला होता आणि आमचा ओढा त्यात बोटभर निळी रेघ होऊन बसला होता. ओढ्यातला गाळ-वाळू मशिनने काढून पात्र खोल करायचं, असं ठरत होतं. पुढच्या रांगेत माझा धाकटा दीर. त्याची पाण्याची मोटार त्याच ओढ्यावर, त्यामुळे त्याची मान सगळ्यांच्या आधी हलली. सभा घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी विचारलं, "सगळ्यांना मान्य?" मीही मान हलवली आणि ठरावावर सही ठोकली.

सभा रविवारी होती. रविवारी डोंगराकडच्या ठाकरवाडीतल्या बाया धरणाकाठच्या तंबूंवर पर्यटकांची भांडी घासायला जातात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यांच्यासाठी मागे अंथरलेली सतरंजी रिकामी होती. ती मला दिसलीही होती. पण मानाची खुर्ची पहिल्यांदाच मिळालेली, मी गप्प राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

चार दिवसांनी वाडीतली एक बाई करवंदं घेऊन दारात आली. दर उन्हाळ्यात येते. मी मोठ्या तोऱ्यात तिला ओढ्याची बातमी दिली. म्हटलं, आता पाणीच पाणी होईल.

पानावर करवंदं ओतता ओतता ती थांबली. "वाळू बी काडत्याल?"

"काढणारच की."

"मंग आमी काय प्यायचं, मावशी?"

वाडीला नळ नाही. चैत्र-वैशाखात ओढा आटला की त्या बाया वाळूत हातभर खड्डे उकरतात, त्यांना झिरे म्हणतात. वाळू धरून ठेवलेलं पाणी त्यात झिरपतं. वाळू गेली की उरतो खडक. हे झिरे मी चाळीस वर्षं बघत होते, आमची म्हैस त्यात पाय घालायची म्हणून त्यांच्यावर चिडतही होते. ते कुणाचं पिण्याचं पाणी आहे, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं.

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, ठराव झाला. तुमचीच सही आहे."

"म्हणूनच बोलतेय. माझी सही चुकली. सभा पुन्हा घ्या, ओढ्यात घ्या, आणि रविवार सोडून घ्या."

ते टोलवाटोलवी करत राहिले, मी रोज फोन करत राहिले. दीर अंगणात येऊन म्हणाला, "वयनी, गावाच्या इरोदात जाताय तुमी."

"वाडी गावात न्हाई व्हय?" मी विचारलं. तो पाठ फिरवून निघून गेला.

शेवटी एका बुधवारी साहेब आले. ओढ्यात वाडीच्या वीस-बावीस बाया हंडे घेऊन बसल्या होत्या. करवंदवालीने साहेबांसमोर झिरा उकरला. पहिलं गढूळ पाणी उपसून फेकलं. दुसरं आलं, ते भांड्यांसाठी बाजूला ठेवलं. तिसरं प्यायचं. वाडीतली रीतच तशी आहे. साहेब घड्याळ बघायला लागले.

"अजून किती वेळ?"

"पान्याला इचारा, सायेब," ती म्हणाली. बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी उघड हसले.

हंडा भरेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. सावली नव्हती, साहेबांना बसायला खुर्चीही नव्हती. दीर काठावर उभा होता, खाली उतरला नाही.

साहेब म्हणाले, "पण नकाशात हे झिरे कुठेच नोंदलेले नाहीत."

"मग नोंदवा की. पेन खिशाला आहे."

त्यांनी माझ्याकडे रागानेच पाहिलं. मी मान खाली घातली नाही. मग त्यांनी नकाशा मांडीवर पसरला आणि करवंदवालीला विचारलं, "कुठून कुठपर्यंत?" तिला नकाशा कळत नव्हता. ती उठली आणि वरच्या उंबरापासून खालच्या कातळापर्यंत चालत गेली. साहेब तिच्या मागून चालत खुणा करत गेले.

महिन्याभरात मशिन आलं. खाली खोदलं, वर खोदलं, मधली वाळू राहिली. दिराच्या मोटारीसमोरचा तुकडा नेमका त्या मधल्या वाळूत येतो. त्याचं घर आमच्याशी बोलत नाही. गावातही मागून कुजबुज होते, की हिने दिराच्या मोटारीचं पाणी तोडलं.

तोडलं असेल. मोटार तहानेने मरत नाही.